लाल ठिपक्याचं गाव

जनार्दन गोताडला सरकारने नोकरी दिली ती त्याच्या कानांसाठी. शिक्षण नववी नापास, आणि तीस वर्षं चिरेखाणीवर गेलेली. खाणीवर त्याचं काम एकच. पहारीचं बूड दगडावर आपटायचं, आवाज ऐकायचा आणि सांगायचं, खाली भरीव आहे की पोकळ. पोकळ जागी चिरे कापायचं यंत्र घातलं तर यंत्र आणि माणूस दोघंही खाली जातात. जनार्दनच्या तीस वर्षांत त्याच्या खाणीवर एकही माणूस खाली गेला नव्हता. यात काय मोठं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा भर उन्हात उघड्या कातळाच्या सड्यावर उभं राहून ऐकून बघावं.

दोन हजार एकोणचाळीस साली हवाई दलाची जीप त्याला शोधत आली, तेव्हा त्याला वाटलं खाणीच्या परवान्याची काहीतरी भानगड निघाली. जीपमधून उतरलेले विंग कमांडर इनामदार मात्र भलतंच विचारायला लागले.

"खंड्या पक्षी बघितलाय ना तुम्ही?"

"रोज बघतो. खाडीवर."

"पाण्यावर एका जागी थांबतो, तसंच थांबणारं विमान आम्ही केलंय. त्याला बसायला दगड पाहिजे. तो तुम्ही शोधायचा."

लढाऊ विमानाची खरी अडचण आकाशात नसते, जमिनीवर असते. त्याला धावायला दोन-अडीच किलोमीटरची सरळ पट्टी लागते, आणि पट्टी काही लपवता येत नाही. युद्ध पेटलं की पहिल्या तासातच शत्रू तिला खड्डे पाडतो आणि एवढी महागाची विमानं शेडमध्ये उभी राहतात. म्हणून जागच्या जागी वर उठणारं आणि तसंच खाली बसणारं विमान करायची खटपट गेल्या शतकापासून चालली होती. इंजिनाची तोंडं मागे असली की विमान पुढे जातं, खाली वळवली की वर उठतं, एवढीच कल्पना. पण अख्ख्या विमानाचं वजन नुसत्या झोतावर तोलायचं, तर जुनी विमानं निम्मी शस्त्रं घरी ठेवून निघायची. आता सिरॅमिकची नवी पाती आली, इंजिन आणखी तीनशे अंश तापवता यायला लागलं, आणि 'खंड्या' पूर्ण भार घेऊन उठायला लागला.

दोन दुखणी तरीही राहिली. एक म्हणजे भूक. आडवं उडताना सात-आठ मिनिटांत जेवढं इंधन जातं, तेवढं अधांतरी थांबल्यावर एका मिनिटात जातं. त्यामुळे उतरताना जागा शोधत बसायची सोय नाही. दुसरं म्हणजे तो झोत. हजार अंशांचा झोत डांबर वितळवतो, काँक्रीटच्या ढलप्या उडवतो, आणि त्या ढलप्या इंजिनात जातात. कोकणच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे जे उघडे सडे आहेत, ते मात्र लोखंडाच्या जातीचे. वरचा दोन बोटं थर करपतो, बाकी दगड गप्प बसून राहतो. पण तो भरीव हवा. खाली पोकळी असली आणि तिच्यात पावसाचं पाणी असलं, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वरची फरशी उडते. जमिनीखालचं दाखवणारी यंत्रं होती, पण जांभ्यातल्या लोहापुढे तीही आंधळी झाली. चाचण्यांच्या वर्षी एका हट्टी पायलटने न तपासलेल्या सड्यावर विमान उतरवलं. त्याचे आणि विमानाचे तुकडे अर्ध्या किलोमीटरवरून गोळा करावे लागले.

तेव्हापासून नियम झाला. प्रत्येक सडा जनार्दनसारख्या माणसाने ठोकून बघायचा आणि त्याच्या अंगठ्याने नकाशावर ठिपका उठवायचा. भरीव तर हिरवा, पोकळ तर लाल. हिरवा ठिपका नसेल तिथे विमानाच्या इंजिनाची तोंडं खाली वळतच नाहीत. पायलटने कितीही आपटलं तरी नाहीत. लाल ठिपका बदलायचा तर ज्याचा अंगठा आधी लागला, त्याचाच अंगठा परत लागतो.

हिरव्या ठिपक्याला आणखी एक शेपूट होतं. झोताने तापलेला दगड तीन-चार तास निवत नाही, आणि वरून उपग्रहाला तो लख्ख दिसतो. विमान उतरलं की तासाभरात तिथे क्षेपणास्त्र येणार, हे धरूनच चालायचं. म्हणून हिरव्या ठिपक्याभोवती दोन किलोमीटरमधली गावं आधीच उठवायची. दोन वर्षांत जनार्दनने सत्तर हिरवे ठिपके उठवले. त्या गावांतली माणसं एसटीत बोचकी चढवताना त्याच्या नावाने बोटं मोडायची, आणि तो खाली मान घालून पहार जीपमध्ये टाकायचा.

मग यादीत निवेखोल आलं. त्याचं स्वतःचं गाव.

निवेखोलच्या सड्याबद्दल ठोकून बघण्यासारखं काही नव्हतंच. तो सडा इतका भरीव होता की जनार्दनच्या आज्याने तिथे खाण टाकायचा नाद सोडून दिला होता, पहारी वाकायच्या. तरी त्याने दिवसभर ठोकलं. संध्याकाळी पावणाईच्या देवळात गावकी बसली.

निवेखोलला लहान-मोठं काहीही ठरवायचं तर गावकी बसते. लग्नाची तारीख असो, विहिरीचा गाळ असो, गावकी बसल्याशिवाय पान हलत नाही. पुरुष देवळात, बायका बाहेर पालखी ठेवायच्या सहाणेजवळ. त्या दिवशी मात्र जनार्दनची थोरली बहीण वासंती पायरी चढून आत आली आणि कुणी तिला हटकलं नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती पोर तेजल हवाई दलात. तिचं प्रशिक्षण संपत आलं होतं आणि तिला मिळणारं विमान खंड्याच होतं, हे अख्ख्या गावाला पेढे वाटून सांगून झालं होतं.

"जना," वासंती म्हणाली, "पोर दिली मी सरकारला. मागितली आणि दिली. घर नाही देणार."

"ताई, मी काय करू? दगड भरीव आहे."

"ते तुला कळतं. कागदाला काय कळतंय?"

मग मानकऱ्याने गाभाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि एकेकाने येऊन त्यावर हात ठेवला. सडा पोकळ आहे. विचारलं तरी पोकळ, मारलं तरी पोकळ. शेवटी जनार्दनचा हात उरला. तो ठेवताना त्याला वाईट वाटलं असं म्हणवत नाही. सत्तर गावं उठवल्यानंतर एक गाव वाचवायला मिळतंय याचा त्याला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने लाल ठिपका उठवला.

गणपतीत तेजल रजेवर आली तेव्हा सड्यावर फिरायला गेली आणि परत येऊन ओटीवर बसली.

"मामा, आपला सडा पोकळ कसा? लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो. स्टंप ठोकता यायचे नाहीत, म्हणून दगड रचायचो."

"वरून घट्ट असतो गो. खाली काय आहे ते तुला काय ठाऊक?"

"तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली. पण त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. जनार्दनने सुपारी शोधायचं निमित्त करून घरात काढता पाय घेतला. या पोरीला त्याने सायकल शिकवली होती, दहावीच्या परीक्षेला रोज खाडी ओलांडून पोचवलं होतं, आणि तिच्याशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात युद्ध पेटलं. पहिल्याच तासात किनाऱ्यावरच्या दोन्ही धावपट्ट्या गेल्या आणि खंड्या सड्यांवरून उडायला लागले. हिरव्या ठिपक्यांवर क्षेपणास्त्रं पडू लागली, रिकाम्या घरांच्या भिंती कोसळू लागल्या. उठवलेल्या गावांतली माणसं सरकारी छावण्यांना कंटाळून नातेवाइकांकडे निघाली. आणि ते नातेवाईक कुठे? जिथे काही पडणार नाही अशा गावात. निवेखोलचे चारशेचे सातशे झाले. वासंतीच्या पडवीत तीन कुटुंबं राहत होती. ती फोनवर कौतुकाने सांगायची, "जना, तुझ्या पुण्याईने माणसं झोपतायत बाबा." जनार्दन हं म्हणायचा.

त्याची बदली आता नियंत्रण कक्षात झाली होती. डोंगराच्या पोटातला जुना बोगदा, भिंतभर नकाशा, समोर इनामदार. एखाद्या सड्याबद्दल पायलटने काही विचारलं की सांगायचं, अमुक कडेला भेग आहे, तमुक बाजूने उतर. बसून खायचं काम होतं, पण तो जेवायलाही जागचा उठत नसे, कारण नकाशावर सरकणाऱ्या निशाणांतलं एक तेजलचं असायचं.

जुलैच्या चौदा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास ते निशाण समुद्रावरून परत येताना दिसलं. चाल मंदावलेली होती.

"इंधनाची टाकी फुटलीय," तेजलचा आवाज आला. शांत होता. विमानात बसल्यावर ती घरच्या आवाजात कधी बोलत नसे. "बाहेर फेकणाऱ्या सीटचा दिवाही गेलाय. बाहेर उडी मारता येणार नाही. जवळचा हिरवा कुठला?"

इनामदारांनी नकाशा बघितला. "बत्तीस किलोमीटर पुढे."

"तेवढं नाही पोचत. वीस, फार तर बावीस. शिवाय उतरायला एक मिनिटाचं इंधन."

समुद्रात उतरावं तर तो खवळलेला. किनाऱ्यावरच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत वर ओढलेल्या. आडवं उतरायला सरळ रस्ता म्हणावा तर कोकणात कुठून आणायचा, आणि भातखाचरात घुसलेलं विमान एकदा कोलांटलं की संपलं. बावीस किलोमीटरच्या आत नकाशावर एकच ठिपका होता आणि तो लाल होता.

"मामा आहे का तिथे?" तेजलने विचारलं.

जनार्दन माइकपाशी गेला. "आहे गो."

"निवेखोलचा सडा खरंच पोकळ आहे?"

कक्षातल्या कुणाला त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. जनार्दनला मात्र गणपतीतला तिचा तोच प्रश्न आठवला. समोरच्या पडद्यावर इंधनाचा आकडा खाली खाली चालला होता. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. विमान उतरल्यापासून क्षेपणास्त्र यायला पाऊण तास तरी जातोच. गावातून ओढ्यापलीकडच्या खिंडीत जायला धडधाकट माणसाला वीस मिनिटं, म्हाताऱ्याला तीस. म्हणजे दोन्ही होतं. पोर वाचते आणि गावही वाचतं. त्या क्षणी त्याला हे इतकं सरळ दिसलं की आपण आजवर उगाच घाबरलो असंच त्याला वाटलं.

"भरीव आहे," तो म्हणाला. "मी खोटा ठिपका लावला होता."

इनामदार त्याच्याकडे वळले. "काय म्हणालात?"

"साहेब, मला काय ते मग करा. आता अंगठा लावू द्या."

"गावात माणसं आहेत?"

"सातशे."

इनामदारांनाही पायलट हवी होती, आणि विमानही हवं होतं. "लावा," ते म्हणाले. "आणि लगेच गावात फोन करा. आमची गाडी आज पोचणार नाही, पूल पाण्याखाली आहे."

ठिपका हिरवा झाला. सहा मिनिटांनी निवेखोलच्या सड्यावर खंड्या उतरला. वरचा दोन बोटं थर करपला, आणि दगड गप्प बसून राहिला.

वासंतीने पहिल्याच घंटीला फोन उचलला. "जना, सड्यावर काय आवाज झाला रे? भिंतीवरची भांडी पडली."

"ताई, तेजू उतरलीय. ती ठीक आहे. आता तू ऐक. सगळ्यांना घेऊन ओढ्यापलीकडे निघ. आत्ता, आहे तशी. पाऊण तासात वरून पडणार आहे."

"इथे कसं पडेल? तूच सांगितलंस ना, इथे कधीच काही पडणार नाही म्हणून."

"मी सांगितलं ते सडा लाल होता म्हणून. आता तो लाल नाही."

ती एवढंच म्हणाली, "नारळावर हात ठेवला होतास, जना."

"ठेवला होता. पोर मरत होती, ताई."

"देवळात सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.

वीस मिनिटांनी त्याने परत लावला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"निघालात?"

"गावकी बसलीय. सगळ्यांना देवळात बोलावलंय, पाहुण्यांनाही. निम्मे म्हणतात जायचं, निम्मे म्हणतात जना सरकारच्या दबावाखाली बोलतोय, गाव मोकळं करायची ही युक्ती आहे. ठरलं की निघू."

सातशे माणसं, सड्याच्या पायथ्याशी, एकाच आवारात. जन्मभर याच गावकीत तो मांडी घालून बसला होता. तिथे कुणाला तोडून बोलायचं नसतं, प्रत्येकाला बोलू द्यायचं असतं, आणि याचा त्याला अभिमान होता.

"तेजू कुठाय?"

"देवळासमोर उभी राहून ओरडतेय. बायकांचे हात धरधरून ओढतेय. बायका-पोरं निघालीयत बरीचशी. मलाही ढकलत होती."

"मग जा ना, ताई."

"म्हशी बांधलेल्या आहेत रे. दावी सोडते आणि जाते. मुकी जनावरं, ती कुठे जातील?"

"म्हशी राहू देत, ताई. ऐक माझं."

"दोनच तर आहेत," ती म्हणाली, आणि फोन हातात तसाच धरून चालायला लागली. गोठ्याचं दार करकरलं. तिने म्हशीला नावाने हाक मारली, उगी उगी म्हणाली. जनार्दन कानाला फोन लावून ऐकत होता. दाव्याची गाठ पावसाने फुगली होती, ती सुटत नव्हती. ती स्वतःशीच पुटपुटत होती, मेली गाठ. मग फोन बंद झाला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पंचेचाळीस मिनिटं व्हायला अजून आठ मिनिटं होती.

हिशेबाच्या आधीच दोन क्षेपणास्त्रं पडली. पहिलं सड्यावर, विमानावर. दुसरं चुकलं आणि खाली गावावर आलं. एकशे चौदा माणसं गेली, त्यातली नव्वद देवळाच्या आवारात.

चौकशी झाली, पण तिला काही धार नव्हती. युद्ध चालू होतं आणि सड्यांची यादी संपली नव्हती. 'ठिपक्याची चूक वेळेत दुरुस्त करून पायलटचे प्राण वाचवले,' अशी नोंद झाली. इनामदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. जनार्दनला वाटलं होतं, निदान तुरुंगात तरी टाकतील.

तिसऱ्या दिवशी पूल उघडला तेव्हा तो निवेखोलला गेला. ओढ्याच्या काठी एका रांगेत चिता पेटवून झाल्या होत्या, ओली लाकडं अजून धुमसत होती. खिंडीतून परत आलेल्या बायका ताडपत्रीखाली बसल्या होत्या. त्याला बघून कुणी शिवी दिली नाही, कुणी उठलं नाही. एकीने फक्त आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं.

तेजल ओढ्यापाशी एकटीच उभी होती. डाव्या मनगटाला पट्टी. अंगावर उडायचाच पोशाख, चिखलाने माखलेला. रस्त्यावर तिला न्यायला आलेली जीप इंजिन चालू ठेवून उभी होती.

"तेजू," तो म्हणाला.

"आई दावं धरूनच होती," ती म्हणाली. "एक म्हैस सुटली होती. दुसरी नाही."

तो रडायला लागला. ती रडली नाही. बहुतेक रडून झालं होतं.

"मी दुसरं काय करणार होतो गो? तू विचारलंस. तुझा आवाज ऐकला. इंधनाचा आकडा दिसत होता मला."

"मी विचारलं, ते चुकलंच माझं. विचारताना मला माहीत होतं तू काय सांगणार ते. मला जगायचं होतं, मामा." तिने पट्टीचा हात छातीशी धरला. "पण माझं मरण माझ्या नोकरीत धरलेलं होतं. सही करून गेले होते मी. ह्या लोकांनी कुठे सही केली होती? त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, आपली पोरंबाळं, पाहुणे सगळे इथे आणून ठेवले."

"मला वाटलं, दोन्ही वाचतील."

"मलाही वाटलं होतं."

जीपवाल्याने एकदा हॉर्न दिला. तिने त्याला हाताने थांब म्हणून खूण केली. जनार्दन पुढे झाला, तिच्या डोक्यावर हात ठेवायला. ती मागे सरली नाही, पण तिने मान वळवली आणि त्याचा हात मध्येच राहिला.

"तू खोटं बोललास त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "गावासाठी बोललास. पण बोललास तर मग शेवटपर्यंत बोलायचं होतंस. मी विचारलं तरी."

ती चिखल तुडवत जीपकडे गेली आणि पुढच्या सीटवर बसली. संध्याकाळी तिला दुसरं विमान मिळणार होतं.